वाचकांचे प्रश्न : दिक्वेल्ल्याचा बुद्ध आणि रंगवलेला नरक

गेल्या अंकात दक्षिण श्रीलंकेतल्या खेड्यांमधल्या बौद्ध विहारांवर एक छोटं टिपण दिलं होतं. त्यात दिक्वेल्ला गावाजवळच्या वेवुरुकन्नल विहाराचा उल्लेख होता: सुमारे ५० मीटर उंचीची बसलेली बुद्धमूर्ती, तिच्या पाठीशी आठ मजली इमारत आणि माणसाएवढ्या रंगीत पुतळ्यांनी भरलेलं नरकाचं दालन. त्यावर गोव्याच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यातून पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : आम्ही चौघे जाणार आहोत, दोघं साठीच्या पुढचे. वेवुरुकन्नलला नेमकं कसं पोचायचं आणि किती वेळ ठेवायचा? (फोंडा)

गोव्याहून बेंगळुरू, चेन्नई किंवा मुंबईमार्गे कोलंबोच्या कटुनायके विमानतळावर उतरायचं. निघण्याआधी श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ऑनलाइन प्रवास परवाना काढा. त्याचं शुल्क आणि सवलती बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यातच नियम वाचून घ्या. हुबेहूब सरकारी दिसणारी दलालांची संकेतस्थळंही असतात, त्यांच्यात फसू नका.

कोलंबो फोर्ट स्थानकावरून मातरला जाणारी रेल्वे समुद्राला लागून धावते. जाताना उजव्या बाजूला बसा, समुद्र तिकडे आहे. मातरच्या पुढे तंगल्लेकडे जाणारी बस दिक्वेल्ल्याला थांबते, अंतर साधारण २२ किलोमीटर. दिक्वेल्ल्याच्या नाक्यावरून बेलिअत्तच्या रस्त्याला लागलं की दोन किलोमीटरच्या आत विहार येतो. तीनचाकी सहज मिळते. भाडं बसण्याआधी ठरवा आणि परतीचंही तेव्हाच बोलून घ्या. २०१९ मध्ये रेल्वे मातरच्या पुढे बेलिअत्तपर्यंत गेली आणि त्या मार्गावर वेवुरुकन्नल नावाचं स्थानकही झालं. मात्र तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तेव्हा मातरला चौकशी करूनच त्या बेतावर राहा.

कोलंबोहून एका दिवसात जाऊन येणं द्रुतगती मार्गामुळे शक्य आहे, पण आम्ही ते सुचवणार नाही. सकाळी निघालेला माणूस अकरा-साडेअकराला पोचतो, आणि नेमकी तेव्हा अंगणातली फरशी तापलेली असते. चपला बाहेर काढलेल्या असतात. माणसं सावलीकडे धावतात, मोठ्या मूर्तीचा फोटो काढतात आणि वीस मिनिटांत परत फिरतात. मुक्काम मातर, मिरिस्स किंवा तंगल्लेला करा, सकाळी आठला विहारात पोचा आणि निदान अडीच तास हाताशी ठेवा.

साठीपुढच्यांनी आठ मजले चढण्याचा हट्ट धरू नये. इमारतीच्या जिन्यांतून वर जाऊन बुद्धाच्या मस्तकाच्या आत डोकावता येतं, याचं मुलांना फार अप्रूप असतं. पण गुडघे दुखणाऱ्यांनी खालचे दोन-तीन मजले सावकाश पाहिले तरी पुष्कळ झालं, कारण भिंतीवरची चित्रं तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : नरकाचे ते पुतळे छायाचित्रांत फार भडक वाटतात. करवतीने कापलेली माणसं, उकळत्या कढया! याला कला म्हणायचं का? आणि लहान मुलांना दाखवावं का? (शिक्षिका, म्हापसा)

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर गोव्याच्या रस्त्यावरच आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री आपण नरकासुर करतो. त्याचे सुळे, वटारलेले डोळे, लाललाल जीभ पाहून कुणी "नाजूक नाही" म्हणून नाक मुरडत नाही. दुरून, गर्दीतून, अपुऱ्या उजेडात दिसावा म्हणूनच तो तसा करतात. नरकाच्या दालनातले पुतळेही याच जातीचे. अक्षर न ओळखणाऱ्यालाही एका नजरेत कळावं, हा त्यांचा हेतू आहे. संग्रहालयातल्या पाषाणमूर्तीचा गज घेऊन ते मोजायला गेलात तर पदरी निराशाच येईल.

आता ते वाचायचे कसे ते सांगतो. एकेक दृश्य म्हणजे एक कर्म आणि त्याचं फळ. चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं, प्राण्यांना छळणं: कर्माची खूण आणि शिक्षा शेजारी शेजारी दिसते. पाली परंपरेत आठ महानरक सांगितले आहेत: संजीव, काळसूत्र, संघात, रौरव, महारौरव, तापन, महातापन आणि अवीची. रौरव हा शब्द आपल्याला गरुडपुराणामुळे ठाऊक आहे, त्यामुळे मराठी माणसाला हे दालन परकं वाटत नाही. पण एक फरक मुलांना आवर्जून सांगा. बौद्ध विचारात कुठलाच नरक कायमचा नाही. कर्माचा साठा संपला की तिथलं आयुष्यही संपतं आणि पुन्हा जन्म येतो. शिक्षा देणारा रागावलेला देव वर बसलेला नाही, पेरलेलं उगवतं आहे. हे कळलं की त्या कढईकडे बघण्याची नजर बदलते.

सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलांना त्या दालनात नेऊ नका. त्यातले पुतळे माणसाच्याच उंचीचे आहेत, म्हणजे मुलाला ते वरून अंगावर झुकल्यासारखे दिसतात. मोठ्या मुलांनाही आधी जातककथांची, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींची, चित्रं दाखवा, नरक नंतर. नुसता नरक बघून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती फक्त भीती लागते.

कलेचं म्हणाल, तर एखाद्याच पुतळ्यापुढे पाच मिनिटं थांबा. चेहऱ्यापेक्षा हात बघा. बोटं कशी वळवली आहेत, नखं रंगवली आहेत का, कमरेच्या वस्त्राचा काठ ब्रशच्या एका ओढीत आला आहे की दोन. डोळ्याच्या कोपऱ्यातली लाल रेघ आणि पापणीची काळी रेघ यांत किती जागा सोडली आहे ते बघा. कारागिराचा हात तिथे ओळखू येतो. देह साचेबद्ध असतात, पण हात आणि डोळे तसे नसतात.

प्रश्न : मी चवथीच्या मूर्ती करतो. तिथल्या जुन्या मूर्ती मातीच्या आहेत असं वाचलं. न भाजता त्या इतकी वर्षं टिकतात कशा आणि तडे कुठे जातात? (डिचोली)

वेवुरुकन्नलचे अलीकडचे पुतळे सिमेंटचे आहेत. पण श्रीलंकेच्या खेड्यांतल्या जुन्या विहारांमध्ये मूर्ती खरोखरच कच्च्या मातीच्या असतात, आणि त्यांचं काम तुमच्या हाताला ओळखीचं वाटेल.

आत लाकडाचा सांगाडा किंवा विटांचा गाभा असतो. त्यावर काथ्याची दोरी आणि पेंढा आवळून बांधतात. मग तंतू मिसळलेल्या जाड मातीचा थर येतो. तो पुरता सुकला की वरून बारीक मातीचा. शेवटचा हात ‘मकुल’ नावाच्या पांढऱ्या मातीचा, आणि रंग त्या पांढऱ्या अंगावर चढतो. मूर्ती जागेवरच घडवलेली असते, तिला उचलून न्यायचं नसतं, म्हणून वजनाची चिंता नाही. ती टिकते ते डोक्यावरच्या छपरामुळे. श्रीलंकेतलं जुनं मूर्तिगृह लहान खिडक्यांचं आणि रुंद पडव्यांचं असतं, ते उगीच नाही. पावसाचा शिंतोडा आत येता कामा नये. काही ठिकाणी तर अख्खं लाकडी गर्भगृहच दगडी खांबांवर उचलून धरलेलं असतं. त्याला तंपिट विहार म्हणतात. जमिनीतली ओल आणि वाळवी दोन्ही खालीच अडतात.

तडे जातात ते मान, मनगट आणि बोटं इथे, कारण तिथे माती पातळ आणि आतलं लाकूड जवळ. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, माती मात्र तशी हलत नाही. दुसरा रोग खालून चढतो. बैठकीच्या वरच्या फूट-दीड फुटाच्या पट्ट्यात पांढरी पूड दिसली, तर तो लोणा आहे. जमिनीतलं पाणी क्षार घेऊन वर येतं, पाणी उडून जातं आणि मागे राहिलेले क्षार रंगाचा पापुद्रा आतून ढकलतात.

खरं नुकसान पुष्कळदा दुरुस्तीने होतं. तडा दिसला की भक्तिभावाने कुणीतरी सिमेंट भरतो. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती बाजूच्या मातीत शिरते आणि पुढच्या पावसाळ्यात तडा सिमेंटच्या कडेने नवा जातो. तेच ऑइलपेंटचं. चकचकीत रंगाखाली माती घुसमटते. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या आणि चुन्याच्या जुन्या देवळांना सिमेंटचा गिलावा मारल्यावर जे होतं, ते अगदी हेच. कावीची नक्षी, म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावरची तांबडी नक्षी, अशीच किती ठिकाणी गेली! चमकणारी मूर्ती दिसली तर ती अलीकडे रंगवलेली आहे असं समजा. जुना रंग मऊ आणि कोरडा दिसतो.

रंगांची नावं ऐकून तुम्हाला बरं वाटेल. पिवळ्यासाठी हिरियल, म्हणजे आपला हरताळ. लालासाठी सादिलिंगम, म्हणजे हिंगूळ. काळ्यासाठी काजळी. दुसरा एक पिवळा रंग गोकटु झाडाच्या चिकातून येतो, आणि ते झाड आपल्या भिरंडीच्या कुळातलं आहे. हरताळात आर्सेनिक आणि हिंगुळात पारा असतो, तेव्हा हे रंग घरी खलून बघू नका.

डोळे सगळ्यात शेवटी. त्या विधीला नेत्रमंगल म्हणतात. तोवर ती फक्त माती असते. परंपरेनुसार चित्रकार मूर्तीच्या नजरेला थेट नजर देत नाही. तो आरशात पाहून डोळे रेखतो. त्यासाठी मुहूर्त काढतात आणि त्या वेळी आत इतरांना थांबू देत नाहीत.

प्रश्न : कपडे, फोटो यांचे नियम किती कडक आहेत? (मडगाव)

कडक आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेसुद्धा. समुद्रकिनाऱ्यावरच्या हाफ पँटीत थेट विहारात शिरू नका. दिक्वेल्ल्याचा किनारा जवळ असल्यामुळे ही चूक फार होते. पांढरा किंवा फिका सुती पोशाख उत्तम, तिथले लोक तोच घालतात. चपला आणि टोपी दोन्ही बाहेर. फरशी तापलेली असेल तर मोजे घातलेले चालतात.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. सेल्फीत हेच होतं, म्हणून सेल्फी नकोच. मूर्तीचा फोटो समोरून घ्या, फ्लॅश बंद ठेवा, माणूस चौकटीत नको. मूर्तीला हात लावणं, तिच्या मुद्रेची नक्कल करणं हा तिथे गुन्हा ठरू शकतो. २०१२ मध्ये बुद्धमूर्तीचं चुंबन घेतल्याचा आव आणणारे फोटो काढल्याबद्दल तीन फ्रेंच पर्यटकांना गालच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली, ती पुढे स्थगित ठेवली. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचं गोंदण असलेल्या एका ब्रिटिश महिलेला देशाबाहेर पाठवण्यात आलं. तसं गोंदण असेल तर सगळ्या प्रवासात ते पूर्ण बाहीखाली ठेवा.

भिक्खूंना ‘हामुदुरुवो’ म्हणतात. स्त्रियांनी त्यांना स्पर्श करू नये. काही द्यायचं असेल तर दोन्ही हातांनी द्यावं. ते दुपारनंतर जेवत नाहीत, म्हणून दुपारी खाण्याचा आग्रह करू नका.

प्रश्न : देवाला नारळ, ओटी नेली तर चालेल का? प्रसाद मिळतो का? (गृहिणी, काणकोण)

बुद्धासमोर नारळ फोडत नाहीत आणि ओटीही भरत नाहीत. तिथे वाहायची ती फुलं, दिवा आणि उदबत्ती. बाहेर फुलांच्या टपऱ्या असतात. कमळ, निळं कुमुद आणि पांढरा चाफा ही तिथली नेहमीची फुलं. चाफ्याला तिथे ‘अरलिय’ म्हणतात. कमळाच्या पाकळ्या एकेक करून बाहेर दुमडतात, विक्रेती बाई दोन मिनिटांत दाखवते. फूल वाहण्याआधी हुंगायचं नाही, हे आपल्यासारखंच. फुलं ओंजळीत किंवा ताटात, दोन्ही हातांनी. वाहताना जी पाली गाथा म्हणतात तिचा आशय असा की हे फूल जसं कोमेजतं तसं हे शरीरही नाश पावतं. दिवा खोबरेल तेलाचा, आणि तो बाहेरच्या दीपघरातच लावायचा. आत लावला की काजळी थेट चित्रांवर बसते.

अन्न वाहतात, पण आपल्यासारखा प्रसाद वाटत नाहीत. तिथे हात पुढे करून उभं राहू नका.

नारळ न्यायचाच असेल तर आवारात बहुधा एखादं देवालय असतं. विष्णू, कतरगम म्हणजे आपला कार्तिकेय, कधी विभीषण. तिथे फळांचं ताट आणि नारळ चालतात. निळ्या रंगाचा विष्णू दिसला तर चकित होऊ नका. सिंहली बौद्ध त्याला धर्माचा रक्षक मानतात.

प्रश्न : पौर्णिमेला जावं का? (वास्को)

पूजा बघायची असेल तर जरूर, मूर्ती बघायच्या असतील तर नको. प्रत्येक पौर्णिमेला तिथे ‘पोया’ची सरकारी सुट्टी असते आणि त्या दिवशी मद्य विकत नाहीत. हवेचं म्हणाल तर दक्षिण किनाऱ्याला डिसेंबर ते मार्च बरे. मे ते सप्टेंबर आपल्यासारखाच नैर्ऋत्येचा पाऊस.

प्रश्न : भिंतीवरच्या चित्रकथा समजत नाहीत, सगळीकडे तीच ती माणसं दिसतात. आणि वेवुरुकन्नलशिवाय जवळपास काय बघावं? (साखळी)

तीच ती माणसं दिसतात, कारण तो एकच माणूस असतो! जुन्या भिंतींवर चित्रं आडव्या पट्ट्यांत असतात आणि त्याच पट्ट्यात नायक पुन्हा पुन्हा येतो. मधे झाड, खांब किंवा घर आलं की प्रसंग बदलला. पट्ट्याच्या खाली बारीक सिंहली ओळ असते, ती त्या प्रसंगाची. पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे एकेक चित्र दाखवत सांगितलेली गोष्ट, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमगेल. फरक इतकाच, की पिंगुळीत चित्र बदलतं आणि आपण बसून असतो, इथे चित्र जागच्या जागी आणि आपण चालतो. म्हणून भिंतीपासून चार-पाच फुटांवर राहून पट्ट्याच्या वेगाने चाला.

जाण्याआधी तीन-चार कथा घरी वाचून ठेवा, मग अर्धी भिंत आपोआप उलगडते. वेस्संतर: पांढरा हत्ती दान देणारा राजपुत्र, मुलांना ओढून नेणारा ब्राह्मण. अंगुलिमाल: गळ्यात बोटांची माळ. नालागिरी: बुद्धापुढे नमलेला पिसाळलेला हत्ती. मारयुद्ध: बुद्धाला ज्ञानापासून ढळवू पाहणारा, हत्तीवर बसलेला मार, भोवती अक्राळविक्राळ सेना आणि मधोमध शांत बसलेला बुद्ध. दारावरची कमानही चुकवू नका. दोन बाजूंना मकर आणि माथ्यावर मोठ्या डोळ्यांचं मुख दिसेल, तेच आपलं कीर्तिमुख.

जवळपासचं म्हणाल तर मुल्किरिगल पाहा. तंगल्लेच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर एकच उंच कातळ आहे आणि त्याच्या पायऱ्यांवर टप्प्याटप्प्याने गुंफा-विहार: निजलेले बुद्ध आणि भिंतभर जातकं. १८२६ मध्ये जॉर्ज टर्नर या इंग्रज अधिकाऱ्याला महावंस हा श्रीलंकेचा जुना पाली इतिहासग्रंथ समजून घ्यायला उपयोगी पडलेलं भाष्य ताडपत्रांवर मिळालं, ते इथेच. पायऱ्या पाचशेच्या वर आहेत, त्यामुळे सकाळी लवकर आणि पाण्याची बाटली घेऊन. माकडं आहेत, खाऊ पिशवीच्या आतच ठेवा. दुसरं, गालच्या बाजूला कोग्गलजवळचं कतलुव. तिथल्या चित्रांत जातककथेतली माणसं युरोपी पोशाखात, वादकांसह दिसतात. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराने डोळ्यांसमोरचं जग सरळ कथेत आणलं.

खेड्यातलं मूर्तिगृह पुष्कळदा कुलुपात असतं. हताश होऊन परतू नका. भिक्खूंच्या निवासाकडे जाऊन नम्रपणे विचारा, किल्ली घेऊन कुणीतरी येतं. निघताना दानपेटीत काहीतरी जरूर टाका, छपराची डागडुजी त्याच पैशांतून होते.

प्रश्न : परदेशी जाणं जमणारं नाही. गोव्यातच असं काही आहे का? (केपे)

रंगीत मूर्तींचं नाही. पण बौद्ध धर्माच्या खुणा गोव्यात आहेत आणि त्यांतल्या काही तुम्हाला जवळच. १९३० मध्ये कोलवाळच्या मुशीर इथे फादर हेन्री हेरास यांना बुद्धमूर्ती मिळाली. ती आता मुंबईत त्यांच्या नावाच्या संस्थेत आहे. रिवणच्या गुंफा लोक पांडवांच्या म्हणतात. अभ्यासक त्यांचा संबंध बौद्ध भिक्खूंशी जोडतात. हरवळ्याच्या गुंफांत आज शिवलिंगं आहेत आणि मुळात त्या कुणाच्या यावर दोन मतं आहेत.

मूर्तींच्या अपेक्षेने रिवणला गेलात तर हात हलवत परत याल. तिथे बघायचा तो जांभा दगड: हत्याराच्या खुणा, बसायच्या उंचीचं छत, शेजारचं पाणी. पावसाळ्यात जाऊ नका, पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि आत साप निघू शकतात. डिसेंबरनंतर जा, दोन विजेऱ्या न्या, कारण एक बंद पडली तर अरुंद वाटेतून चाचपडत बाहेर यावं लागतं. आत डोकं वाकवूनच चाला. जांभ्याचं छत टणक असतं आणि त्याच्या खळग्यांच्या कडा कपाळ फोडतात.